अध्यक्ष बदलल्यावर

नांदे, ८ जुलै २०२४

ती. मेधा मॅडम यांना,
सा. न.

तुम्ही फोन उचलत नाही, आणि व्हॉट्सॲपवर माझ्या निरोपांपुढे एकच टिक येते. त्यावरून काय ते मी समजले. वेंगुर्ल्याचा तुमच्या बहिणीचा पत्ता मला पाठ आहे, कारण दर दिवाळीला तिकडे फराळाचं पार्सल मीच करत असे. म्हणून हे पत्र. पोस्टमन तरी मला ब्लॉक करणार नाही.

तुम्ही निवडणूक हरलात हे मला अजून नीट पटत नाही. हा संघ तुम्ही उभा केलात. सोसायट्यांतले कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर आणि खोऱ्यातले गाई-म्हशींचे डॉक्टर एकमेकांना ओळखतही नव्हते, तेव्हा तुम्ही मुळशीतल्या सगळ्या पशुवैद्यांना एका सतरंजीवर बसवलंत. मला बी. कॉम. झाल्या झाल्या इथं घेतलंत. पत्र कसं लिहायचं, मंत्र्यांच्या माणसाशी फोनवर कसं बोलायचं, चिडलेल्या सभासदाला चहा देऊन कसं गप्प करायचं, सगळं तुमच्याकडून शिकले.

आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही चाव्या टेबलावर ठेवल्यात आणि म्हणालात, "गौतमी, पर्स घे. आपण निघू."

मी म्हणाले, "मॅडम, नवीन कमिटी येतेय. ऑफिस उघडं टाकून कशी येऊ?"

तुम्ही तुमची पर्स खांद्याला लावलीत. मग म्हणालात, "ठीक आहे. तुझं तुला लखलाभ." आणि गेलात. बहिरूनं तुमच्यासाठी आलं घालून चहा टाकला होता, तो तसाच राहिला.

मी चुकले असं कबूल करायला हे लिहीत नाही. मी चुकले असं मला वाटतच नाही. पण तुम्ही चहा न घेता गेलात, ते मनाला लागून राहिलंय.

इकडची हकिकत सांगते. नवे अध्यक्ष इंद्रजित सर गमबूट घालूनच आले. अध्यक्षांच्या केबिनचं दार उघडून आत डोकावले, एसीकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, आणि बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसले. अजूनही तिथंच बसतात. बहिरू संघाची गाडी पुसत होता, अनुष्का हिशेबाचा कॉम्प्युटर लावत होती, मी उभी होते. आम्हा तिघांकडे बघून म्हणाले, "तुमी समदी मॅडमची मानसं. व्हय ना?"

बहिरू पुसलेली काच पुन्हा पुसायला लागला.

"बरं," म्हणाले. "बघू."

एवढंच. बाकी सगळं ठीक चाललंय. तिकडे पाऊस जास्त असेल, तब्येत सांभाळा.

तुमची,
गौतमी


नांदे, २५ ऑगस्ट

ती. मॅडम,
सा. न.

मागच्या पत्राला उत्तर आलं नाही, तरी लिहितेय. त्यात मी सगळं ठीक आहे असं लिहिलं होतं. तुमच्यावाचून अडलंय हे वाचून तुम्हाला बरं वाटू नये म्हणून तसं लिहिलं होतं, खरं सांगायचं तर. सगळं ठीक नाही.

इंद्रजित सर वाईट नाहीत. पहाटेपासून खोऱ्यात फिरतात आणि अंगाला शेणाचा वास घेऊन ऑफिसात येतात. पण आमच्यावर त्यांचा विश्वास नाही. मी फोनवर बोलत असले की बोलणं थांबवतात. मला एक काम सांगतात, तेच काम अनुष्काला वेगळं सांगतात, कोण खरं करतंय ते बघायला. आणि कमिटीतल्या प्रत्येकाला वाटतं की बहिरू आणि गाडी आपल्या हुकमाची आहे. तुमच्या वेळी सगळे तुम्हाला घाबरून असत. आता कुणी कुणाला घाबरत नाही.

गुरुवारी खोऱ्यात, मुठ्याला लाळ्या-खुरकूताच्या लसीचं शिबिर होतं. सरांनी मला सांगितलं होतं, बहिरूला सांगितलं होतं. पण सकाळी सकाळी सचिव डॉ. मनीष यांनी बहिरूला परस्पर फोन करून लवळ्याच्या कॉलेजवर बोलावलं. तिथं मुलांसमोर त्यांचं कुत्रा चावण्यावर भाषण होतं, त्यासाठी पडदा आणि प्रोजेक्टर न्यायचा होता. बहिरू म्हणाला, "सर, मुठ्याला लस पोचवायचीय." ते म्हणाले, "मी बोलतो इंद्रजितशी, तू ये." आणि बोलायचं विसरले.

लस मुठ्याला पोचली तेव्हा दुपार होत आली होती. बायामाणसं जनावरं घेऊन सकाळपासून शाळेच्या मैदानात उभी होती, त्यातली निम्मी कंटाळून भाताच्या खाचरांत परत गेलेली. मी रजिस्टर घेऊन सरांच्या शेजारीच होते. गाडी दिसताच सर पुढं गेले आणि सगळ्या गावासमोर सुटले. "तुला कळतंया का काय? हितं मानसं ताटकळल्यात आन् तू गाडी उधळत फिरतुयास? ढोरं बरी तुझ्यापरास!"

बहिरूनं मनीष सरांचं नावसुद्धा घेतलं नाही. लसीचे डबे उतरवून सावलीत ठेवले, गाडीची चावी बॉनेटवर ठेवली आणि एसटीच्या थांब्याकडे चालायला लागला. सरांना वाटलं येईल परत. तो आला नाही. बोलेरो शेवटी सरपंचांच्या पुतण्यानं नांद्याला आणून सोडली.

मीही तिथं तोंड उघडलं नाही. लोकांसमोर अध्यक्षांना अडवायचं नाही, ही तुमचीच शिकवण. पण ऑफिसात आल्यावरही ते बोलू देईनात. "तो गेला तर जाऊ दे," एवढंच.

काल लवळ्याला बहिरूच्या घरी जाऊन आले. त्याची बायको तुळजाबाई हॉस्टेलच्या पोरांना डबे करते, तुम्हाला माहीतच आहे. ओट्यावर चपात्यांची चळत आणि बाई लाटता लाटताच बोलल्या, "तुमच्या संघाला डायवर मिळंल दुसरा. मला नवरा दुसरा कुटून मिळनार? तीन दिस झालं, नीट जेवत न्हाई मानूस."

बहिरू म्हणाला, "गौतमीताई, रागावल्याचं काय न्हाई वो. रागावतातच मोठी मानसं. पर ढोर म्हनले."

तुम्ही इथं असता तर काय केलं असतं?

गौतमी


नांदे, १५ सप्टेंबर

ती. मॅडम,
सा. न.

तुमचं पत्र मिळालं. पाकिटावर तुमचं अक्षर बघून इतका आनंद झाला की घरी आरतीला थांबले होते, ते सोडून गच्चीत गेले आणि तिथंच फाडलं.

वाचल्यावर मात्र खाली यायला वेळ लागला.

तुम्ही लिहिलंत, बहिरू गेलाच आहे, आता तूही राजीनामा दे, अनुष्कालाही घे. ऑफिस कोण चालवत होतं ते त्यांना कळू दे. गुडघ्यावर आले की मी येते, आणि आपण सगळं नव्यानं उभं करू.

मॅडम, मी राजीनामा देणार नाही. तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी सकाळी माल्याहून एका बाईंचा फोन आला होता. गाईचा पान्हा आटलाय, कोण येईल म्हणून विचारत होत्या. त्यांना अध्यक्ष कोण आहे हे ठाऊकसुद्धा नव्हतं. आम्ही तिघांनी कुलूप लावलं तर इंद्रजित सरांचं काही बिघडणार नाही, ते जीपमध्ये बसून आपल्या कामाला जातील. तो फोन मात्र नुसता वाजत राहील. तुम्ही शांतपणे विचार केलात तर तुम्हालाही हे पटेल अशी माझी खात्री आहे. न पटलं तर मी काय करू शकते?

पण तुमच्या पत्रानं एक चांगलं केलं. जायचं नाही हे ठरलं, तेव्हा बोलायला हवं हेही ठरलं.

मंगळवारी सर बाकड्यावर बसले होते. मी म्हणाले, "सर, मला तुमच्याशी बोलायचंय."

"बोल की."

"इथं नाही."

त्यांनी मान वर केली. "मग चल. भादसला एक बैल बघायचाय. गाडीत बोल."

पौडाच्या पुढं जाईपर्यंत मी पर्सची चेन उघडत-लावत होते. शेवटी मी एका दमात सांगून टाकलं. बहिरूला मनीष सरांनी लवळ्याला बोलावलं होतं, त्यानं नाही म्हणून बघितलं होतं, आणि सर शिव्या देत असतानाही त्यानं मनीष सरांचं नाव घेतलं नाही.

सरांनी गाडी बाजूला घेतली. "मन्यानं बोलावलं हुतं?"

"हो. पण सर, मनीष सरांना झापून काही होणार नाही."

"मग कशानं हुईल? तू सांग."

"कमिटीतला प्रत्येकजण बहिरूला हुकूम सोडतो. कुणाचं ऐकायचं हे त्याला कुणीच सांगितलेलं नाही. तुम्ही ठरवा, काम एकाच तोंडानं सांगायचं. आणि रागवायचं असेल तर आत बोलावून रागवा, खुशाल रागवा. गावासमोर नको. त्याला त्याच गावात उद्या परत जायचं असतं."

ते स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिले. मग म्हणाले, "आन् तू? तू हितलं समदं मॅडमला कळवतीस म्हनं."

मी म्हणाले, "हो. पत्र लिहिते."

"काय लिहितीस?"

"तुम्ही केबिन सोडून बाकड्यावर बसता, ते लिहिलं."

मॅडम, ते हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं. म्हणाले, "मग ह्ये बी लिही, का बसतुया ते. लई वर्सांमागं खोऱ्यात शिबिर घ्या म्हनून सांगाय मी आलो हुतो. त्याच बाकड्यावर दुपारपातूर बसवलं मला. मॅडमची भेट झालीच न्हाई. तवापासनं त्या केबिनीत पाय ठेवू वाटत न्हाई."

तुम्हाला हे माहीत नसणार. बहुधा तुम्ही क्लिनिकवर एखाद्या कुत्र्याच्या ऑपरेशनमध्ये असाल आणि निरोप द्यायला कुणी नसेल. पण त्यांच्या मनात ते राहिलं. मी हे तुमच्यापासून लपवू शकले असते. मग त्यांनी लिही म्हणून सांगितलेलं मी लिहिलं नाही असं झालं असतं, आणि आता त्यांचा विश्वास बसायला लागलाय.

भादसच्या बैलाला नुसता काटा लागला होता.

गौतमी


नांदे, ६ ऑक्टोबर

ती. मॅडम,
सा. न.

तुमचं उत्तर नाही. रागावला असाल. तरी बहिरूचं काय झालं हे तुम्हाला कळायला हवं, कारण त्याला कामावर तुम्हीच ठेवलं होतंत.

सर मला घेऊन लवळ्याला गेले. वाटेत म्हणाले, "मला माफीबिफी मागता येत न्हाई." मी म्हणाले, "नका मागू. नुसते चला."

तुळजाबाईंनी पाट टाकला, पाणी दिलं. चहा दिला. सरांनी कप तोंडाला लावला तेवढ्यात बाई म्हणाल्या, "डॉक्टर, च्या घ्या, पर मी बोलते ते बी ऐका. तुमी आमच्या मानसाला गावाम्होरं बोललात. आता हितं चुलीपाशी येऊन ग्वाड बोलून काय उपेग? गावाम्होरं बिघडवलंय, गावाम्होरंच निस्तरा."

बहिरू म्हणाला, "अगं, गप."

"का गप? खोटं हाय का?"

सरांनी चहा सगळा प्यायला, कप खाली ठेवला. "न्हाई," म्हणाले, "खोटं न्हाई. निस्तरतो."

पुढच्या गुरुवारी मुठ्याला राहिलेल्या जनावरांचं शिबिर होतं. बहिरू गाडी घेऊन आला, पण अंग चोरून उभा. सर आले, त्यांनी बहिरूच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला पुढं घेतलं. सर माइकविना बोलले तरी पार देवळापर्यंत ऐकू जातं. म्हणाले, "मागल्या टायमाला मी ह्याला वाईट बोललो. तुमी समद्यांनी ऐकलंत. चूक ह्याची नव्हती. आमच्या कमिटीत ह्या हाताचं त्या हाताला म्हाईत नव्हतं. म्हंजी चूक माझी."

बहिरू तर जमिनीत जायच्या बेताला आला होता. मग म्हातारे कोंडाजी म्हशीचं दावं धरून उभे होते, ते म्हणाले, "त्ये ऱ्हाऊ द्या डॉक्टर. लस कवा टोचताय?"

सगळं मैदान हसलं. बहिरूही हसला.

आता दर सोमवारी सकाळी कमिटीतले दोघं-तिघं आणि आम्ही तिघं एकत्र बसतो. आठवड्याचं काय ते तिथंच ठरतं, आणि मधे काही निघालं तर ते माझ्याकडून जातं. पहिल्याच सोमवारी मनीष सर म्हणाले, "म्हणजे आता गाडी हवी तर क्लार्कला विचारायचं?" मी खाली मान घातली. इंद्रजित सर म्हणाले, "क्लार्क न्हाई, व्यवस्थापक. दारावर पाटी हाय, वाचत जा."

पण एकट्या कमिटीलाच बदलायला लागलं असं नाही. त्या बैठकीत सरांनीही आमच्या तक्रारी सांगितल्या. मी सहीचे कागद नेमके ते निघायच्या वेळेला पुढं करते. अनुष्का कुणी दुसऱ्यांदा हिशेब विचारला की डोळे फिरवते. आणि वाईट बातमी आम्ही तिघंही दोन दिवस पोटात ठेवतो, मग ती त्यांना बाहेरून कळते. तिन्ही खऱ्या आहेत. अनुष्कानं तिथंच पुन्हा डोळे फिरवले, मग जीभ चावली.

तुम्ही खुशाल आहात एवढं तरी कळवा.

गौतमी


नांदे, १० डिसेंबर

ती. मॅडम,
सा. न.

दिवाळीचं पार्सल पोचल्याचं तुमच्या बहिणीनं कळवलं. चकल्या जरा कडक झाल्या होत्या. तुम्ही खाल्ल्यात का, ते त्यांनी लिहिलं नाही.

परवा वार्षिक सभा झाली. त्यातली एक गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगेलच, तेव्हा मीच आधी सांगते.

खोऱ्यातल्या काही डॉक्टरांनी ठराव आणला होता. मागच्या कार्यकाळात खेड्यांकडे दुर्लक्ष झालं, असा. तुमचं नाव नव्हतं, पण रोख तुमच्यावरच होता. विषयपत्रिका मी टाइप करते, म्हणून मला आधी दिसला. टाइप करायला घेतला आणि अर्ध्यावर उठले. सरांकडे गेले. "सर, हे खरं नाही. सुरुवातीला खोऱ्यात कमी लक्ष होतं, मान्य. पण नंतर दर पावसाळ्यात शिबिरं झाली. त्यांत तुम्ही स्वतः होता."

"मला म्हाईत हाय," म्हणाले.

"मग?"

"मग काय? त्यांच्याच मतावर मी निवडून आलो. त्यांना न्हाई म्हनलं तर म्हनतील, झाला ह्यो बी पुन्याचा." आणि उठून गेले. मी ठराव टाइप केला. तेवढं माझं काम आहे. पण तुमची बाजू मी मांडली होती, आणि सभेत मला बोलायचा अधिकार नसतो. रविवारी सभागृहात मागच्या ओळीत बसून मी विषयपत्रिकेच्या घड्या घालत होते.

ठरावाची वेळ आली. एकानं वाचला, दुसऱ्यानं अनुमोदनासाठी हात वर केला. सर उठले.

"ज्यांच्याबद्दल बोलायचं त्या बाई हितं न्हाईत. मानसाच्या पाठीमागं बोलायचं आन् त्याला ठराव म्हनायचं, ही आपली रीत न्हाई. आन् शिबिरं झाल्यात. मी सोता सुया मारल्यात. ह्यो ठराव मी घेत न्हाई. पुढचा विषय."

आरडाओरड झाली. दोघं-तिघं तावातावानं बाहेर निघून गेले. जेवणात गरम जिलबी आहे म्हटल्यावर परत आले, पण सरांशी बोलले नाहीत. त्यांची मतं पुढच्या वेळी जाणार, हे सरांना कळत होतं. ताटावर बसल्यावर मला म्हणाले, "तू तवा येऊन बोललीस, बरं केलंस. मी विचार करीत हुतो, बाकीच्यांना कळतंय का न्हाई म्हनून." मी त्यांना आणखी एक जिलबी वाढायला सांगितली.

मॅडम, जानेवारीत तरुण डॉक्टरांसाठी शस्त्रक्रियेचं शिबिर आहे. कमिटीनं तुमचं नाव एकमतानं सुचवलंय. छापील निमंत्रण सोबत आहे. त्याखाली सरांनी दोन ओळी लिहिल्यात. लिहिताना पेन नीट चालत नाही म्हणून पेनवर चिडले, म्हणून तो शाईचा डाग.

तुमची,
गौतमी

"मॅडम, टाके घालायला शिकवावं तर तुमीच. या. आल्यावर बाकड्यावर बसवून ठेवनार न्हाई. — इंद्रजित"


नांदे, २१ जानेवारी २०२५

ती. मॅडम,
सा. न.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कळलं. शनिवारचं तुम्हाला मी नव्यानं काय सांगणार, तुम्ही तिथं होतातच. तरी माझ्या बाजूनं सांगते, कारण तुमचं लक्ष म्हशीत होतं आणि माझं तुम्हा दोघांवर.

तुम्ही ऑफिसच्या पायरीवर आलात तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही माझ्याशी बोलणार नाही. बहिरूनं स्टँडवरून आणताना तुम्हाला काय काय सांगितलं कोण जाणे. तुम्ही सरळ आलात, माझी हनुवटी धरलीत आणि म्हणालात, "वाळलीस." बस. मी रडायला लागले, आणि सर म्हणाले, "आता हिला काय झालं?" आणि तुम्ही दोघं एकदमच हसलात. त्यानंतर मला कशाचीच भीती राहिली नाही.

सकाळी तुम्ही मुलांना टाके शिकवलेत, ते सर मागं उभं राहून बघत होते. मनीष सर नोट्स घेत होते, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. आणि जेवायला बसतोय तोच मुठ्याहून कोंडाजींचा फोन. म्हैस सकाळपासून अडलीय.

सगळे एका बोलेरोत कोंबून गेलो. घाटात बहिरूनं गाडी अशी काढली की तुमच्या पर्समधल्या गोळ्या माझ्या मांडीवर आल्या. गोठ्यात पोचलो तर म्हैस आडवी पडलेली, डोळे पांढरे. कोंडाजी तिच्या डोक्याशी बसून तिच्याशीच बोलत होते, "धर गं बाय, धर दम."

सरांनी हात घालून बघितला. बराच वेळ. मग घामाघूम होऊन बाहेर आले. "मान मागं वळल्या रेडकाची. माझा हात फुडं सरकत न्हाई. लई जाड हाय."

तुम्ही घड्याळ काढून माझ्या हातात दिलंत. बांगड्या दिल्यात. पदर खोचलात. "मी बघते," म्हणालात.

कोंडाजी म्हणाले, "ही बाई? ही तर कुत्र्यांची डॉक्टर ना?"

सर म्हणाले, "गप ऱ्हावा कोंडाजी. ह्यांनी म्हशीपासनंच सुरुवात केल्याली हाय."

हे त्यांना कसं माहीत? मी तर कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे त्यांनी कुणाला तरी तुमच्याबद्दल विचारलं होतं, मॅडम.

मग तुम्ही शेणात गुडघे टेकून बसलात. सर दोरी धरून तुमच्या मागं, मनीष सर आणि बहिरू म्हशीला सावरत, आणि मी सलाइनची बाटली उंच धरून. तुम्ही डोळे मिटले होतेत. एकदा सरांनी घाई केली, दोरीला हिसका बसला, आणि तुम्ही सगळ्या गोठ्यासमोर ओरडलात, "ओढू नका म्हटलं ना! अक्कल आहे का? कळ येऊ दे आधी!"

दारात अर्धी वाडी जमलेली. आमच्या अध्यक्षांना असं कुणी बोललेलं त्या खोऱ्यानं कधी ऐकलं नसेल.

सर म्हणाले, "व्हय मॅडम."

बहिरूनं तोंड म्हशीच्या पोटात खुपसलं. त्याची पाठ हलत होती. मनीष सरांचीही. मी हसले असते तर बाटली पडली असती.

आणि मग तुम्ही म्हणालात, "आली मान. आता. आता ओढा, हळू," आणि तुम्हा सगळ्यांच्या हातांत ते ओलं काळं पिल्लू आलं, आणि सरांनी त्याचं नाक पुसून फुंकर घातली, आणि ते शिंकलं. पारडी आहे म्हटल्यावर कोंडाजी तुमच्या पाया पडायला लागले. तुम्ही मागं सरकलात आणि सरांच्या पायावर पाय दिलात.

परतताना तुम्ही दोघं मागच्या सीटवर पार नांद्यापर्यंत वाद घालत होतात, खोऱ्यातली शिबिरं आधी घ्यायची की सोसायट्यांतली. एकमत काही झालं नाही. मी पुढं बसून ऐकत होते. इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. तुम्ही क्लिनिक पुन्हा उघडायचं म्हणता, तर मार्चपर्यंत जागा बघून ठेवते. नांद्यात आता नवीन इमारतींत गाळे खूप झालेत.

तुम्ही गेल्यावर काल सकाळी कोंडाजी एसटीनं आले. स्टीलच्या डब्यात पहिल्या चिकाचा खरवस, वर वेलची. "ती बारीक हाताची डॉक्टरीन कुटंय?" म्हणाले. गेल्या म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. मग म्हणाले, तिचा वाटा ठेवा. पण ठेवायचा कुठं? आमच्याकडे एकच फ्रिज, आणि त्यात लसीशेजारी खायचं काही ठेवायचं नाही हा तुमचाच नियम. अनुष्कानं तो ठणकावून सांगितला.

तेव्हा तुमच्या वाट्याचा सोमवारच्या बैठकीत निकाल लागला. व्हरांड्यात बाकड्यावर सर आणि बहिरू यांनी एकाच ताटलीत तो अर्धा अर्धा केला, आणि शेवटच्या वडीवरून दोघांची बऱ्यापैकी जुंपली. नंतर ताटली तशीच पडून राहिली. सरांना बैल बघायला जायचं होतं, बहिरूला गाडी काढायची होती, मला फोन आला. मी फोन ठेवून बाहेर आले तर ताटली नव्हती. मोरीत बघितलं. मनीष सर बाह्या सारून, नळाखाली ती घासत उभे होते. कुणी सांगितलं नव्हतं.

तुमची,
गौतमी